नोंद आढळत नाही

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको. माझी सगळी नोकरी वर्ध्यातल्या एका कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. नाचणगावहून पुलगाव स्टेशनापर्यंत पायी, तिथून पॅसेंजर, मग पुन्हा पायी. गाडीला उशीर झाला की माझं डोकं स्टेशनावरच तापायचं, आणि त्याची वसुली खिडकीत अर्ज घेऊन उभ्या असलेल्या पहिल्या माणसाकडून व्हायची. हे काही भूषण नव्हे, पण खोटं कशाला सांगू?

आमच्या खोलीत जन्म आणि मृत्यू ठेवलेले होते. पूर्वी गावोगावचे कोतवाल आपल्या गावात कोण जन्माला आलं, कोण गेलं ते लिहून कळवायचे. त्या कागदांना सगळे कोतवाल बुक म्हणत. शाळेत घालताना बापाने वय अंदाजे सांगितलेलं, त्यामुळे पुढे नोकरी, ट्रेनिंग, कोर्टकचेरी, कशातही वय अडलं की माणूस कोतवाल बुकाच्या नकलेसाठी आमच्या खिडकीशी येई. कागद मागच्या गोदामात, गठ्ठे बांधून. गठ्ठे जसे आले तसे रचलेले. आंजीच्या गठ्ठ्यावर सेलूचा, त्याच्यावर पुन्हा आंजीचा, वर्षांचा काही मेळ नाही. प्रत्येक गठ्ठ्याला नंबर होता एवढंच. गठ्ठ्याचा आणि पानाचा नंबर हातात असेल तर नक्कल दहा मिनिटांत निघे, नसेल तर गोदामात शिरून फक्त शिंका यायच्या.

म्हणून सत्तरच्या दशकात, मी नवी लागले तेव्हा, मला कार्डं करायला बसवलं. एका नोंदीचं एक कार्ड: गाव, बापाचं नाव, तारीख, गठ्ठा, पान. लाकडी कपाट माझ्या स्वाधीन केलं. तारखेप्रमाणे लाव, एवढाच हुकूम होता. मी लावली. आपण तारीख जशी बोलतो तशीच लावली, आधी दिवस, मग महिना, मग साल. एकतीस खण केले, एक तारखेचा खण, दोन तारखेचा खण, असे. चार महिने खपले. कपाट इतकं देखणं दिसत होतं की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला उघडून दाखवायची.

मग कुणीतरी एका सालच्या फक्त भाद्रपदातले, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमधले, केळझरचे जन्म मागितले. मी पहिला खण उघडला, मग दुसरा, मग तिसरा. संध्याकाळपर्यंत एकतिसाव्या खणाशी पोहोचले. आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, खुर्चीवरून सगळं पाहत होते. ते स्वतः केळझरचे, गणपतीच्या टेकडीखाली त्यांचं घर. स्वभाव शांत, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

"बाई," ते म्हणाले, "आंजीतला माणूस भेटायचा असंल तर तुमी काय करता? आधी आंजीची एसटी पकडता, का जिल्ह्यातल्या साऱ्या गावातलं एक नंबरचं घर पायत फिरता?"

रडू येत होतं, पण ते रागाचं आहे असं मी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवसापासून सगळी कार्डं बाहेर काढली. आधी साल, सालाच्या आत महिना, महिन्याच्या आत दिवस. आता पोळा ते दसरा एवढ्याच दिवसांतली कार्डं हवी असतील तर त्या सालचा एक खण ओढायचा आणि त्यातला मधला जुडगा उचलायचा, बस. बडे बाबूंनी त्यावर एकदा मान हलवली. तेवढ्याने माझं समाधान झालं नाही, पण त्यांच्याकडून त्याहून जास्त कुणाला मिळाल्याचं मी पाहिलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला आमच्याकडे कॉम्प्युटर आला. वरच्या मजल्यावर त्याच्यासाठी खोली रंगवली, पडदे लावले, गार हवेचं यंत्र बसवलं. जिथे आम्ही माणसं उन्हाळ्यात माठातलं पाणी रुमालावर ओतून डोक्याला लावत होतो, तिथे त्या पेटीला गारवा! दारात चपला काढाव्या लागत. त्याच्यासोबत नागपूरहून एक गृहस्थ आले, चाळिशीच्या आतबाहेरचे, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यांना सगळे कॉम्प्युटरवाले साहेब म्हणू लागले. माणूस मनमिळाऊ. बोलणं निम्मं मराठी, निम्मं हिंदी.

वर्ष-सव्वा वर्ष माझी कार्डं त्या पेटीत भरणं चाललं होतं. मी वाचायची, टायपिस्ट बडवायचे. पहिल्याच आठवड्यात एक अडचण आली. कॉम्प्युटरमध्ये तारखेसाठी म्हणून एक खास रकाना असतो, त्याला पूर्ण तारीख लागते. आणि आमच्या कोतवालांनी कित्येकदा नुसता महिना लिहिलेला, दिवस कोराच. तसं टाइप केलं की पेटी पीं-पीं ओरडायची आणि पुढे सरकायची नाही. साहेबांनी यावर उपाय काढला. म्हणाले, "तारीखचा रकाना काढून टाकतो, साधा अक्षरांचा रकाना ठेवतो. त्यात जो लिहाल तो बसंल." आम्ही खूश. कागदावर जसं होतं तसं भरत गेलो, ३-८-१९५४, १३-९-१९५८, ज्यात दिवस नाही तिथे नुसतं ९-१९५८. पुन्हा आधी दिवस. दहा-बारा वर्षांपूर्वी ज्यासाठी मी एकतीस खण उपसले, तेच मी स्वतःच्या तोंडाने वाचून त्या पेटीत भरून देत होते, आणि माझ्या लक्षातही आलं नाही. कार्डं पूर्ण भरून झाल्यावर लाकडी कपाट रिकामं करून कार्डं पोत्यांत बांधली, आणि कपाट दुसऱ्या विभागाने नेलं.

अठ्ठ्याऐंशी सालच्या ऑगस्टमध्ये, पोळा दोन आठवड्यांवर असताना, एका सोमवारी खिडकीशी दोन बायका आल्या. मायलेकी. आंजीच्या, बाडी म्हणजे भाजीचा मळा करणाऱ्या. वांगी, सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, मेथी पिकवायचं आणि म्हातारीने रोज सकाळी वर्ध्याच्या भाजीबाजारात आणून विकायचं, असा त्यांचा संसार. लेकीच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत अर्ज. तिला नर्सबाईच्या ट्रेनिंगसाठी बोलावणं आलं होतं. मॅट्रिक होऊन तिला किती तरी वर्षं झाली होती, दरवर्षी अर्ज करायची, दरवर्षी राहून जायचं. या वेळी नाव लागलं होतं. अट एकच होती, तीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत. शाळेच्या दाखल्यावर तिची जन्मतारीख एक जुलै सत्तावन्न होती. म्हणजे एकतीस झालेली.

"एक जुलै कसा असंल, मॅडम?" ती म्हणाली. "आमच्या वर्गातले सारेच एक जुलैचे होते. मास्तरनं सगळ्याईले एकच दिवस लिवून देल्ला."

ते मला ठाऊक होतं. माझीही जन्मतारीख एक जुलैच आहे.

कागदपत्रं द्यायचा शेवटचा दिवस पुढचा सोमवार. आणि पुढच्या वर्षी कोणत्याच हिशेबाने ती तिशीच्या आत बसणार नव्हती. "यंदा नाई झालं तं झालंच नाई," असं ती अगदी सरळ आवाजात म्हणाली. तिने गयावया केली नाही, म्हणून मला ती आवडली. गयावया करणाऱ्यावर मी जास्त खेकसते.

मी म्हातारीला विचारलं, पोरगी कधी झाली.

"पोळ्याच्या मांगून, दसऱ्याच्या आधी."

"कोणत्या साली?"

"साल मले काय समजते जी?" म्हातारी म्हणाली. "त्या वर्साले श्रावण दोनदा आल्ता. अधिकाचा होता. माह्या बापानं जावयाले तेहतीस अनारसे पाठवले, अन् जावयानं दोनच खाल्ले. बाकी सारे मीच खाल्ले. पोटात हे होती."

लेक लाजली. मागून बडे बाबू म्हणाले, "अठ्ठावन्न. नक्की पाह्यतो, पण अठ्ठावन्नच." त्यांच्या घरी जुन्या पंचांगांची चळत होती. मंगळवारी सकाळी ते अठ्ठावन्नचं पंचांग घेऊन आले, मायलेकीही पुन्हा आल्या. अधिक श्रावण होता. त्यामुळे पोळा बराच पुढे गेला होता, तेरा सप्टेंबरला. दसरा बावीस ऑक्टोबरला. कोतवाल आठवड्यातून एकदाच खबर द्यायला जायचा, म्हणून नोंदीची तारीख खऱ्या दिवसाच्या सात-आठ दिवस पुढे असू शकते. तेव्हा तेरा सप्टेंबरपासून तीस ऑक्टोबरपर्यंत पाहायचं ठरलं.

मी वर गेले. चपला काढल्या. साहेबांनी गाव टाकलं, बापाचं नाव टाकलं, मुलगी म्हणून टाकलं, आणि तारीख या पासून त्या पर्यंत. पडद्यावरची हिरवी अक्षरं काही वेळ थरथरली. मग उत्तर आलं. शून्य नोंदी.

"पुन्हा पाहा," मी म्हटलं. पुन्हा शून्य.

"मॅडम, नाई म्हणजे नाई," साहेब म्हणाले. "मशीन झूट नाई बोलत."

खाली येऊन मी छापील कागद घेतला, "सदर कालावधीत नोंद आढळत नाही," त्यावर नाव भरलं आणि सही ठोकली. माझ्या सहीला एक शेपूट आहे, ते मी जोरात ओढते. लेकीने कागद वाचला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. म्हातारी विचारत राहिली, "काऊन वं, काय म्हणून राह्यल्या त्या?" लेक तिला दंडाला धरून घेऊन गेली. मला वाईट वाटलं, पण मला जास्त राग आला होता, त्या कोतवालाचा. न लिहिणाऱ्या कोतवालांनी किती जणांचं नुकसान केलं याचा हिशेब मी त्या दिवशी बडे बाबूंना ऐकवला. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पाह्यलं बरोबर ना?" मी म्हटलं, कॉम्प्युटरने पाहिलं.

शुक्रवारी दुपारी जेवणाच्या आधी साहेबांकडून एक लांबलचक यादी आली. आरोग्य खात्याला जन्मांची यादी हवी होती, तारखेच्या क्रमाने. कडेला भोकं असलेला तो कागद, एकाला एक जोडलेला, टेबलावरून खाली लोळत होता. मला फक्त वरवर तपासून सही करायची होती. डबा उघडता उघडता मी पहिलं पान पाहिलं.

सुरुवात एक जानेवारीची होती, पण सगळ्या सालांची. एक जानेवारी पन्नास, एक जानेवारी एक्कावन्न, असं करत करत. त्याच्याखाली एक ऑक्टोबर, मग एक नोव्हेंबर, एक डिसेंबर, आणि मग कुठे एक फेब्रुवारी. एक तारीख संपल्यावर दहा तारीख, दहानंतर अकरा. दोन तारीख एकोणीसनंतर आली. मी डब्याचं झाकण परत लावलं. माझं देखणं कपाट माझ्यासमोर कागदावर पसरलं होतं, एकतीस खणांचं, आणि भरीला खणही मागेपुढे झालेले.

मग ती आंजीची पोरगी आठवली. मी कागदाच्या पाठीवर लिहून पाहिलं. या पेटीला तारीख म्हणजे काय हे ठाऊकच नाही, ती डावीकडून एकेक अक्षर जुळवते, शब्दकोशात शब्द लावतात तसं. तिला मी सांगितलं, १३-९-१९५८ पासून ३०-१०-१९५८ पर्यंत. तिने घेतलं तेराने सुरू होणारं, मग चौदा, पंधरा असं करत एकोणीस, मग दोन, मग वीस ते एकोणतीस, मग तीन, तीस. चार तारखेपासून नऊ तारखेपर्यंत काहीच नाही. एक नाही, दहा, अकरा, बारा नाही. चार, पाच, सात यांचं पहिलंच अक्षर तिनाच्या पुढचं, म्हणून ते तिच्या मते तीस तारखेच्याही नंतरचे. एखादी मुलगी ऑक्टोबरमध्ये पाच तारखेला किंवा सात तारखेला जन्मली असेल तर ती या पेटीला सात जन्मांत सापडणार नव्हती. आणि मी सही ठोकून तिला सांगितलं होतं की तिची नोंदच नाही.

मी जिना चढले तेव्हा चपला काढल्या नाहीत, हे मला नंतर सांगण्यात आलं.

साहेब चहा पीत होते. मी यादी त्यांच्या टेबलावर आपटली. पहिल्यांदा त्यांनी नेहमीचं म्हटलं, कॉम्प्युटर गलती करत नाही. मी म्हटलं, "कॉम्प्युटर करत नाही, मी केली, आणि तुम्ही करू दिली. आता बशी खाली ठेवा आणि हे वाचा." त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग कपाळावर हात मारून घेतला. त्या क्षणापासून तो माणूस मला आवडू लागला, कारण त्याने एकही सबब सांगितली नाही.

मी त्यांना बडे बाबूंची आंजीची एसटी सांगितली. साल आधी, महिना मग, दिवस शेवटी. ते म्हणाले, "सही बात आहे. आधीच्या रकान्यातून उलटा करून दुसरा रकाना बनवतो." त्यांनी खटाखट काही लिहिलं. सगळ्या नोंदी एकामागून एक पालटायच्या होत्या. पेटी घरघरत राहिली. मी तिथेच स्टुलावर बसून राहिले, डबा खालीच. मधे वीज जाईल या धास्तीने मी दर मिनिटाला पंख्याकडे पाहत होते. वीज गेली नाही. त्या वर्षी ती दुपारी गेली नाही असा तो बहुधा एकमेव शुक्रवार असावा.

काम झालं. साहेबांनी पुन्हा गाव, नाव, मुलगी, आणि १९५८-९-१३ पासून १९५८-१०-३० पर्यंत टाकलं.

शून्य नोंदी.

माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं, आणि या वेळी ते रागाचं नव्हतं. मी म्हटलं, जाऊ द्या, कोतवालानेच लिहिलं नसेल. पण साहेब पडद्याकडे टक लावून बसले होते. "एक मिनट, मॅडम. नऊ आणि दहा. हा पहिलंच अक्षर पाह्यते ना? नऊच्या पुढं एक येते का? याच्यासाठी ऑक्टोबर आधी, सप्टेंबर मांगून. आपण त्याले म्हटलं, मांगच्यापासून आधीच्यापर्यंत दे. तो काय देईल?" मग त्यांनी स्वतःच उत्तर दिलं. नऊच्या आधी शून्य लिहायचं. महिना नेहमी दोन आकडी, दिवसही दोन आकडी, मधल्या रेघा काढून टाकायच्या. ज्या नोंदीत दिवस नाही तिथे दिवसाच्या जागी दोन शून्यं, म्हणजे ती नोंद आपल्या महिन्याच्या तोंडाशी जाऊन बसेल, हरवणार नाही. ते शून्य त्यांचं, हे मी आजही सगळ्यांना सांगते. मला सुचलं नसतं.

पुन्हा पेटी घरघरली. साडेचार वाजले. बडे बाबू वर आले, चपला काढून, आणि माझ्यामागे उभे राहिले. साहेबांनी टाकलं, १९५८०९१३ पासून १९५८१०३० पर्यंत.

एक नोंद आली. १९५८१००७. आंजी. बापाचं नाव बरोबर. मुलगी. गठ्ठ्याचा नंबर, पानाचा नंबर.

इतकं हलकं मला त्याआधी फार थोड्या वेळा वाटलं असेल. छातीवरून कुणीतरी पोतं उतरवून ठेवल्यासारखा श्वास मोकळा झाला. मग मी साहेबांना म्हटलं, चहा गार झाला तुमचा, आणि तिघेही उगीचच हसलो. बडे बाबू म्हणाले, "चला, गठ्ठा काढू, नाईतर गोदामाची किल्ली घेऊन चपराशी घरी जाईल." त्या दिवशी मी शिंकत शिंकत सहाव्या रांगेतला गठ्ठा ओढला. पान सापडलं. कोतवालाचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं होतं, पण शाई पक्की होती. मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली. मंगळवारी मी त्याला फार बोलले होते.

पुलगावची गाडी कधीच गेली होती. पुढच्या गाडीने घरी पोहोचले, तरी चिडचिड नव्हती. घरच्यांनी विचारलं, बरं नाही का?

शनिवारी पहाटेच्या गाडीने निघाले आणि स्टेशनावरून सरळ भाजीबाजारात गेले. म्हातारी कुठे बसते ते मला माहीत नव्हतं. सांभाराच्या जुड्या घेऊन बसलेल्या प्रत्येक बाईला मी आंजीची का म्हणून विचारत फिरले. एकीने मला गिऱ्हाईक समजून दोन जुड्या हातात दिल्याच. शेवटी ती दिसली, गोणपाटावर, वांग्यांच्या ढिगाआड. मला पाहून तिने पदर सावरला. तिला वाटलं असेल, ही बाई इथेही खेकसायला आली.

"आजी, सापडली," मी म्हटलं.

"कोन सापडली?"

"तुमची पोरगी. सात ऑक्टोबर. कोतवालाने लिहिलंय."

तिला सात ऑक्टोबर कळलं नाही. मी पंचांग पाहून आले होते, म्हणून सांगितलं, पितृपक्षातली नवमी. मग मात्र तिचा चेहरा उघडला. "हो जी! पितरं सुरू होते. माही सासू म्हणे, मेलेली बुढीच आली वापस. म्या तवा कोनाले सांगतलं नाई, लोक म्हणतीन पितरातली पोरगी, म्हणून पोळा-दसरा म्हणो." मी कपाळाला हात लावला. हे तिने सोमवारीच सांगितलं असतं तर! पण मग मीच विचार केला, तरीही पेटीने शून्यच म्हटलं असतं. म्हातारीवर चिडायला काही कारणच शिल्लक नव्हतं. ही गोष्ट माझ्यासाठी नवीन होती.

तिने शेजारणीला ढीग सांभाळायला सांगितला आणि आंजीच्या पहिल्या एसटीने लेकीला निरोप धाडला. दुपारी बाराच्या आत लेक खिडकीशी हजर. घामाने थबथबलेली, पिशवी छातीशी धरलेली. नक्कल मी स्वतः लिहिली, सुवाच्य, आणि सहीचं शेपूट जरा कमी ओढलं. तिने तारीख वाचली. बोटांवर काही मोजलं. मग खिडकीच्या कट्ट्यावर कपाळ टेकून ती रडली. मी तिला रडू दिलं. रांगेत मागे उभा असलेला एक माणूस कुरकुरला, त्याला मात्र मी अशा आवाजात गप्प केलं की बडे बाबूंनी मान वर केली.

ती सावरल्यावर मी म्हटलं, "मंगळवारचा तो कागद आणलास का? दे इकडे. फाडून टाकते."

तिने पिशवीतून तो काढला. चार घड्या घातलेला. उलगडून पाहिला, पुन्हा घडी घातली, आणि माझ्या हातात ठेवला.

"फाडू नका, मॅडम," ती म्हणाली. "तुमची सही हाये त्याच्यावर. मी नाई म्हणून लिवलेला कागद मी घरी कायले नेऊ? तो तुमच्यापाशीच राहू द्या."

सोमवारी तिचे कागद वेळेत गेले. ट्रेनिंग झालं, पुढे आंजीपासून जवळच तिला काम मिळालं. दर महिन्याला गावच्या जन्मांची माहिती द्यायला ती आमच्या कार्यालयात येई, आणि येताना वांगी आणी. तो कागद मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवला होता, सहीची बाजू वर करून. निवृत्त होईपर्यंत तो तिथेच होता. "नोंद आढळत नाही" लिहायची वेळ आली की पेन उचलण्याआधी मी त्याच्याकडे पाहायची आणि उठून पुन्हा एकदा शोधायला जायची.